सुटं जहाज

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, की तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळणारा सुटे तुकडे जोडून जहाज बांधायचा डबा आमच्याकडे तिप्पट महाग कसा, दुकानदार आम्हाला गंडवत तर नाही ना. मी हं हं करून विषय बदलला. तुला वाटलं असेल, धाकटीला अजून व्यवहारातलं ओ की ठो कळत नाही. कळतं गं. या उन्हाळ्यात इतकं कळलंय की मी स्वतः दुकान टाकू शकेन.

खेळण्यांच्या दुकानाचा मालक भला माणूस आहे. मी तावातावाने भांडायला गेले, तर त्याने फळीवरचा एक डबा काढून माझ्या कानापाशी हलवला. आत तुकडे अडकवलेल्या प्लास्टिकच्या चार चौकटी खडखडल्या, बाकी सगळी हवा. सामान येतं तेव्हा भाडं वजनाचं नाही, जागेचं पडतं, म्हणजे आपण हवेचं भाडं भरतो. वर जकात, तीही चैनीची वस्तू म्हणून चढी. मग माल मागवणारा, मग ठोक व्यापारी, मग हा. तुमच्याकडे हे डबे रोज खपतात. याच्याकडे वर्षभर धूळ खात पडतात, आणि तेवढ्या दिवसांचं दुकानभाडं त्याला त्याच डब्यातून काढावं लागतं. लुटत कोणीच नाही, वाटेत प्रत्येकाचं पोट आहे इतकंच. आपल्याला हवं ते जहाज तो मागवून द्यायला तयार होता, पण औषधं आणल्यावर आमच्या हातात राहतं काय? म्हणून तुला गळ घातली.

दुसरं कुठलं जहाज चाललं नसतं. लग्नात तू यांना कप्तान म्हणून चिडवलंस आणि ते नाव कायमचं चिकटलं, पण जन्मभर हे एकाच फेरीबोटीच्या इंजिनघरात, तेलाने माखलेले. बोट तुमच्या त्या देशात बांधलेली, म्हणून तिचा डबाही तिकडेच निघतो. खरी बोट कधीच भंगारात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा झिजतोय, समोरचं बारीक काम थंडीपर्यंत दिसलं तर दिसलं, पुढचं सांगता येत नाही. हे घरी आले आणि खिडकीजवळचं टेबल रिकामं करायला लागले. दिसतंय तोवर ती बोट एकदा आपल्या हाताने बांधायची, एवढं एकच मागणं. सगळ्या संसारात यांनी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तेव्हापासून टेबलावर चिमटे, बारीक कानस, रंगांच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्यात. हात बसावा म्हणून हे काड्यापेटीतल्या काड्या तासतात, चिकटवतात, पुन्हा तासतात. रोज सकाळी खोकल्याच्या औषधावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवतात. मी शाब्बास म्हणते. मागच्या आठवड्यात मी गुपचूप बाटली बदलली, तरी यांनी जुनीच वाचून दाखवली. तोंडपाठ केलीय, ताई. मी तेव्हाही शाब्बास म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

तुझं पार्सल आलंय. पोचलं का म्हणून तू फोनवर विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले, कारण हे शेजारीच बसले होते. आमचं घर केवढं, आणि यांचे कान तर आता दुपटीने तिखट झालेत. म्हणून पत्र. हे दवाखान्यात गेले असताना पार्सल आलं. यांना टेबलावर आयतं दिसावं म्हणून मी स्वयंपाकघरात उघडलं. आत बोट होती. अख्खी, जोडलेली, रंगवलेली, कठड्याला दोरेसुद्धा ओवलेले. फार देखणी. सोबत तुझी चिठ्ठी, की डबा स्वस्तच होता, पण यांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून तू एका कारागिराकडून बांधून घेतलीस, आणि त्याची मजुरी डब्याच्या कितीतरी पट झाली.

तुला काय बोल लावू? आमच्या घरात त्या डब्याला जहाजच म्हणतात, आतले तुकडे सुटे असले तरी. मीही फोनवर सवयीने तेच म्हणाले, एक जहाज पाठव. तू जहाज पाठवलंस. तुमच्याकडे वस्तू स्वस्त आणि माणसाचे हात महाग, म्हणून तू आपल्या माणसासाठी त्यातलं महाग ते घेतलंस. इथे आमच्याजवळ नेमके हातच आहेत, आणि तेही थंडीपर्यंतच.

मी ती बोट सुटी करायला बसले होते. सुरी लावून पाहिली, गरम पाण्यात धरून पाहिली. सांधे वितळून एकजीव झालेत, सुटत नाहीत. कठडा मोडला, वरची एक छोटी होडी तुटली, तेव्हा मी थांबले. आता ती जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलीय, यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. हे रोज विचारतात आणि मी रोज सांगते, जकातवाल्यांनी अडकवलंय. काल हे म्हणाले, चल, आपण दोघं जाऊन त्यांच्या पाया पडू. आता मला थाप सुचेनाशी झालीय.

म्हणून हात जोडते, ताई, पुन्हा एकदा पैसे घाल. भावोजींना काय सांगायचं ते तू बघ. तोच डबा घे, पण उघडू नकोस, कोणाला उघडू देऊ नकोस, एक तुकडासुद्धा चौकटीतून काढू नकोस. सगळ्यात लवकर पोचेल अशा टपालाने पाठव. तो उशिरा पोचणार असला तरी पाठव, मी एकेक तुकडा यांच्या हातात देत जाईन. बांधलेलं काही नको गं. बांधायला हे आहेत अजून.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी