भिंतीवरची पांढरी रेघ

अण्णा, आज दुकानामागची तुमची भिंत मोकळी केली. गाडी दिव्यांच्या कामाला आली की ती या भिंतीसमोर उभी करून, उजेड तिच्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या खाली उतरल्याशिवाय तुम्ही किल्ली परत देत नव्हता. गिऱ्हाईक वैतागायचं, घड्याळ दाखवायचं. तुम्ही पेचकस फिरवत राहायचात. तुम्ही गेलात आणि वर्षभरात मी त्या भिंतीला लोखंडी मांडणी लावून एलईडीचे खोके भरले. जागा वाया जाते, असं आईला सांगितलं होतं.

झेनॉनचे प्रखर बल्ब नवे होते तेव्हाचं आठवतं? साध्या बल्बच्या दिव्यात मी हौसेनं झेनॉन बसवला आणि तुम्हाला बोलावलं. दिवेलागणीची वेळ होती. तुम्ही मला गाडीसमोर उभं केलंत, दिवे लावलेत आणि बॉनेटजवळून हात वर केलात. "बोटं किती हायत सांग." मी म्हणाले, तीन. तुम्ही दिवे विझवलेत आणि मला दिसलं, तुमच्या हातात माझाच चहाचा कप आहे. "आता ह्यो गार झालेला चहा पी, आन् काढ ते." सगळे कारागीर हसले. मला तुमचा भयंकर राग आला होता.

झेनॉनचं मात्र तुम्हाला कौतुक होतं. आधी निळसर, मग दूध वर यावं तसा हळूहळू भरणारा उजेड. म्हातारा झाला की गुलाबी पडायचा, जाण्याआधी सांगून जायचा. एलईडीला बटण दाबलं की पुरता उजेड. बॅटरी कमी खातो, वर्षानुवर्षं टिकतो. काही नव्या गाड्यांत तर समोरून कोणी आलं की तेवढाच भाग आपोआप मंदावतो. तुम्ही असता तर मांडी घालून बघत बसला असता. बिघडला की बऱ्याचदा अख्खा दिवाच बदलावा लागतो, यावर शिव्याही घातल्या असत्यात. पण एलईडी वाईट नाही, अण्णा. वाईट आहे तो झेनॉनसाठी बनवलेल्या जुन्या दिव्यात कोंबलेला एलईडी. त्या दिव्याच्या भिंगाला उजेड ठरावीक जागेवरून लागतो. एलईडीचा भलतीकडून येतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत सांडतो. हे मला माहीत होतं.

हिंजवडीत नोकरी करणारा एक जण गाडी घेऊन आला. झेनॉन गुलाबी पडले होते. "मॅडम, एकदम व्हाइट लाइट पाहिजे, आणि जरा लवकर." मी एलईडी बसवून दिले. भिंत मांडणीमागे होती. पंधरा दिवसांनी संध्याकाळी वारज्याच्या सर्व्हिस रोडवर तो समोरून आला आणि कोथरूडहून शिकवण्या घेऊन घरी निघालेल्या एक बाई स्कूटरसकट खोदलेल्या चरात गेल्या. जागीच वारल्या. कोणीतरी त्याच्या गाडीचा नंबर टिपला होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला. "मी टचही केलं नाही, मॅडम. त्यांचा स्पीड जास्त होता. जस्ट फॉर्मॅलिटी आहे, पोलिसांसाठी लाइट्स नीट ॲडजस्ट केलेत एवढं लिहून द्या." मी लिहून दिलं. खाली शिक्का मारला, अण्णा, तुमच्या नावाचा. आता त्या बाईच वेगात होत्या असं ठरत आलंय.

आज तो हॉर्नच्या कामासाठी गाडी सोडून गेला. मला राहवेना. मांडणी सरकवली, गाडी भिंतीसमोर लावली. रेघ जशीच्या तशी होती, आणि उजेड तिच्या चांगला हातभर वर. मग मी स्वतः जाऊन गाडीसमोर उभी राहिले. कारागिराला म्हटलं, बॉनेटजवळून हात वर कर. मला त्याचा हात सोडा, तोही दिसला नाही.

मी ते एलईडी काढले आणि नवे झेनॉन बसवून, रेघेखाली उतरवून गाडी दिली. त्याला म्हटलं, बल्ब सदोष होते, बदलून दिले. तो "थँक यू" म्हणून गेला. गेल्यावर कळलं, आता त्या गाडीत बघायला कोणाला काहीच सापडणार नाही.

ते दोन बल्ब तुमच्या खणात ठेवलेत, हा कागदही तिथेच ठेवीन. लिहायला बसले तेव्हा वरती तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही तो कुठे दाखवणार नाही. खरा तो पोलीस चौकीत द्यायचा आहे. चौकी दुकानापासून पाच मिनिटांवर आहे आणि मी अजून खुर्चीतून उठलेले नाही.