गुंजा भरलेले खुळखुळे बाळांच्या हातून काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षिका,
अंकुरधारा शिशुगृह,
के. आर. पुरम, बेंगळूर.

अर्जदार : कृष्णात विठोजी मेस्त्री, कारखान्यात लाकडी साचे करणारा, मूळचा निपाणीचा, हल्ली मुक्काम के. आर. पुरम.

विषय : संक्रांतीला दिलेले लाकडी खुळखुळे आजच्या आज परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन कन्नड अर्ज. २) आपले आभारपत्र.

महोदया,

पुढचे वाचण्याआधी कृपया आयाबाईंना खिडकीजवळच्या पाळण्याकडे पाठवावे आणि हर्षिता नावाच्या बाळाच्या हातातला खुळखुळा काढून घ्यावा. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

आधीचे अर्ज मी शेजाऱ्यांकडून कन्नडमध्ये लिहून घेतले होते. ते फार सभ्य झाले, त्यात माझी भीती उतरली नाही. आपण निपाणीकडच्या आहात, मराठी वाचता, असे कळल्यावरून हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चूकभूल माफ असावी.

१. आपल्याकडील डॉक्टरबाईंनी सांगितले होते की इथली तान्ही मुले नुसती पडून असतात, हाताला काही लागत नाही, त्यामुळे मुठी उघडत नाहीत. म्हणून मी मुठीत मावतील अशा कड्या, एकात एक अडकवलेल्या चकत्या आणि दांडीचे खुळखुळे करून दिले. रंग मुद्दाम लावला नाही, कारण मुले सगळे तोंडात घालतात. एवढी अक्कल मला होती.

२. खुळखुळ्याचा गोळा लाकडाच्या दोन वाट्या सरसाने चिकटवून होतो. आत भरायला मी बारीक खडे धुऊन ठेवले होते. मी कामावर गेलो असता माझी आई अंबुबाई हिने काही वाट्यांतले खडे काढून त्यांत गुंजा भरल्या. आमच्या घरात बाळाच्या पहिल्या खुळखुळ्यात गुंजा घालतात, त्याने दृष्ट लागत नाही असे म्हणतात. मी स्वतः तसल्याच खुळखुळ्यावर वाढलो. तिचे म्हणणे, "त्या लेकरांची दृष्ट काढायला आहे कोण तिथं? म्हणून घातल्या." मी घरी येऊन वाट्या न पाहता जोडल्या.

३. थंडी सरल्यावर हवा कोरडी झाली आणि घरी नमुन्याला ठेवलेला खुळखुळा फळीवर असताना आपोआप उकलला. जमिनीवर लाल गुंजा पसरल्या. त्या वेळी औषधाच्या दुकानाचे मालक संताजीअण्णा आमच्याकडे बसले होते. ते उठून उभेच राहिले आणि मला म्हणाले, "अण्णा, गुलगंजी हे, विषारी गुंज! सबंध गिळली तर एखादे वेळी निभावेल. चावून फुटली तर मूल हाती लागत नाही." तेव्हापासून आईने देवापुढचे नैवेद्याचे पान तसेच ठेवून दिले आहे, ती जेवत नाही. सगळे खुळखुळे एकाच ओल्या लाकडाचे आहेत, हे आपण लक्षात घ्यावे.

४. मी त्याच दिवशी धावत आलो. आपले कारकून योगीराज यांनी सांगितले की वस्तू भांडारात जमा झाली, आता मोडल्याशिवाय परत देता येत नाही. "स्वल्प दम धरा अण्णा. फुटला की आणा, सरी, म्हणजे नीट करून देऊ." महोदया, तो फुटू नये म्हणूनच मी आलो होतो. हे मी त्यांना समजावू शकलो नाही.

५. मग मी घरचा फुटलेला खुळखुळा दाखवला. त्यावर भांडाराचा क्रमांक नाही, म्हणून तो ग्राह्य धरला गेला नाही. निदान मुलांना देऊ नका, कपाटात ठेवा, अशी विनंती केली, तर वस्तू न वापरता ठेवल्यास लेखापरीक्षणात आक्षेप येतो असे उत्तर मिळाले. संताजीअण्णांनी चिठ्ठी दिली, ती डॉक्टरांची नाही म्हणून परत आली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बाधा झालेले मूल आणा, तपासून लिहून देतो. असे मूल कोणाकडेही नसावे म्हणून तर माझी ही धावपळ आहे.

६. इतक्यात आपले आभारपत्र आले. त्यात लिहिले आहे की खेळण्यांचा उत्तम गुण आला. हर्षिताची डावी मूठ उघडतच नव्हती, ती आता दांडी घट्ट धरते आणि खुळखुळा दिवसभर पाळण्याच्या लोखंडी गजावर आपटते. दातही येत असल्याने गोळा चावते. तिच्या खुळखुळ्याचा आवाज इतरांहून गोड आहे, तरी तसेच आणखी करून द्यावेत. ते वाचताच मी ओळखले. खड्यांचा आवाज खरखरीत असतो. गोड आवाज गुंजांचा. मी सुतार असून, माझे काम वाया जावे, त्या पोरीचा हात परत लुळा पडावा, असा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला. देवाने तो ऐकला नसावा.

७. माझी विनंती एवढीच. मला आत सोडावे. मी एकेक खुळखुळा कानाशी हलवून गुंजांचा कोणता ते ओळखीन. त्यांच्या बदली पोकळी नसलेले खुळखुळे केले आहेत. अखंड लाकडाच्या दांडीवर सुट्ट्या कड्या कोरून काढल्या आहेत, जोड कुठेच नाही. आवाज तेवढा गोड येत नाही, पण हाताला व्यायाम तोच होतो. दंड, चौकशी, पोलीस, जे काही करायचे ते नंतर करावे. आईला मात्र काही विचारू नये. तिने मायेपोटी केले आहे.

आपण बैठकीत आहात असे सांगण्यात आले. आयाबाई म्हणतात, आपल्या हुकमाशिवाय त्या मुलांच्या हातून काही काढू शकत नाहीत. म्हणून हा अर्ज मी आपल्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहीत आहे. माझी आई फाटकाशी उभी आहे. सकाळपासून खिडकीतून तो गोड आवाज येत होता, आणि तो येत होता तोवर गोळा शाबूत आहे म्हणून माझा जीव थाऱ्यावर होता.

वरची ओळ लिहिताना आवाज थांबला. बाळ झोपले असेल. कृपया कोणीतरी आत जाऊन पाहावे.

आपल्या दाराशी बसलेला,
कृष्णात विठोजी मेस्त्री
१८ मार्च १९९७

सोबत :
१) घरी उकललेला खुळखुळा, त्यातल्या गुंजा बाटलीत, बूच घट्ट लावून.
२) जोड नसलेले नवे खुळखुळे, एक पिशवी. सर्वांत लहान दांडीचा हर्षितासाठी, डाव्या हाताचा.
३) आपले आभारपत्र, परत.