श्वास घ्या, श्वास सोडा

३ मार्च १९९४, पारोळा
आले बाई एकदाची! चाळीसगावच्या दवाखान्यात रोज बोलणी खाऊन कान किटले होते. इथे छोटंसं रुग्णालय, आणि मेट्रन यशोदाबाईंनी पहिल्याच दिवशी झणझणीत शेवभाजी खाऊ घातली. शिवाय थकलेल्या नर्सांसाठी टपालाने ध्यानाच्या कॅसेटी आल्यात. दुपारी टेप लावायचा, डोळे मिटायचे. कॅसेटमधली बाई म्हणते, श्वास घ्या, श्वास सोडा. मला आधी हसूच आलं. मग इतकं हलकं वाटलं की रडले.

९ मार्च
पोटाचं ऑपरेशन झालेल्या सुंदरबाईआजी सारख्या कण्हत होत्या. मला ‘माय’ म्हणतात, जीव लागलाय त्यांच्यावर. मी टेप उचलून सरळ वॉर्डात नेला. आजी झोपल्या, सगळा वॉर्ड गप्प झाला. यशोदाबाई म्हणाल्या, अगं, हे तर औषधापेक्षा भारी! आता टेप तिथेच चालू असतो.

१५ मार्च
धुणं टाकून भिकुबाई आया कानाशी आली. म्हणाली, बाई, बठ्ठा एकसंगे दम लेतस. सगळे एकदम श्वास घेतात म्हणे! मी तिची थट्टा केली. मग वॉर्डात जाऊन पाहिलं. सगळ्या खाटांवरच्या चादरी एकदम वर, एकदम खाली.

१७ मार्च
बाजू बदलायला कॅसेट काढली. सगळ्यांचे श्वास थांबले. माझाही. आजींचे ओठ निळे पडले. कशीबशी कॅसेट उलटून घातली, बटण दाबलं, तेव्हा कुठे— देवा, हा टेप मीच आणला इथे. यशोदाबाईंना सांगायला गेले, तर त्या खुर्चीत डोळे मिटून, त्याच तालावर—

१८ मार्च, दुपार
लाइट गेली. टेप सेलवर लावलाय. डॉक्टर धुळ्याला. सेल उतरताहेत, बाईचा आवाज जाड होतोय, लांबतोय. आजींचा श्वासही तसाच लांबतोय. भिकुबाई सेल आणायला पळालीय. वॉर्डात बसत नाही, म्हणून तीच एक धड आहे.

टेप बंद. आता मीच म्हणतेय. घ्या. सोडा. घ्या. सोडा. घसा सुकला— पाणी प्यायलाही थांबता येत नाही— कुठे मेलीस गं भिकुबाई—

घ्या म्हणाले आणि आवाजच बसला. सगळे छाती भरून माझ्याकडे बघताहेत. आजीसुद्धा. माझीही छाती भरलीय. सोडा म्हणायला आधी मला श्वास सोडायला हवा. आणि तो कुणी म्हटल्याशिवाय मला—