चुकणारा ठोका

१२ ऑगस्ट, सोमवार

जयपुरात येऊन आठवडा झाला आणि आज चक्क नोकरी लागली! मुलगा संग्राम ज्या खासगी बचाव पथकात बोट चालवतो, त्यांनाच मेकॅनिक हवा होता. फौजेत अठ्ठावीस वर्षं इंजिनं उघडली, मग साताऱ्यात शेजाऱ्यांचे पंप. एकसष्टाव्या वर्षी पुन्हा हाताला ग्रीस लागलं, बरं वाटलं. पथकाची शेड चाकसू गावाच्या पुढे तलावावर आहे. शास्त्री नगरातल्या घरून दोन बस बदलायच्या, पाठीचा पार भुगा होतो. पण घरात बसून गेलेल्या बायकोच्या, इंदूच्या फोटोशी किती बोलणार?

काम एकच. वर्षभर पडून असलेल्या बोटीचं इंजिन ठोका चुकतं. रविवारी कवायत आहे, संग्राम तीच बोट नेणार. नात तनया म्हणाली, आजोबा, मतलब इंजिनला खोकला झालाय. निदान अगदी बरोबर आहे पोरीचं.

१३ ऑगस्ट

इंजिन पाण्याच्या पिंपात उभं करून चालवलं. तीनदा अडखळतं, थांबतं, पुन्हा तीनदा. प्लग काढले, दोन्ही ओले. पेट्रोलचा वास येईल म्हणून नाकाशी धरले, तर तळ्यातल्या गाळाचा वास. पिंपात नळाचं स्वच्छ पाणी आहे. नवे प्लग घातले, फरक शून्य.

वॉचमन कजोडजी लांबूनच म्हणाले, हिंदुरावजी, ही मशीन राहू द्या. का, ते सांगेनात. मला आधीच ऊन लागलं होतं, मीही विचारलं नाही.

१४ ऑगस्ट

प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या दोन्ही कॉइलची अदलाबदल केली. दोष कॉइलबरोबर सरकायला हवा होता. सरकला नाही. मग दोन्हीकडे ठिणगी तपासली. निळी, जाड, उत्तम. आणि ठोका चुकला की दोन्हीकडची एकदमच गायब. म्हणजे कोणीतरी अख्खं इंजिनच क्षणभर बंद करतंय.

बंद करणारी वस्तू एकच: लाल दोरीचा स्विच. दोरीचं एक टोक चालकाच्या मनगटाला, दुसरं स्विचमधल्या क्लिपला. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते, इंजिन थांबतं. दोरी खुंटीवर होती, मी दुसरी क्लिप लावून काम करत होतो. हात लावला तर दोरी निथळत होती.

कंटाळा आलाय. बसमध्ये उभ्यानेच झोपलो.

१६ ऑगस्ट

आज बघितलं. भर दुपारी, माझ्या डोळ्यांनी. इंजिन चालू होतं, जवळपास कोणी नव्हतं. स्विचमधली क्लिप बाहेर सरकली, आत गेली. तीनदा. जसं कोणी बोटांनी ओढतंय.

मी घाबरलो. लिहायला लाज वाटते, पण घाबरलो.

१७ ऑगस्ट

नवा स्विच मंगळवारी येणार. कवायत उद्या. इतका थकलोय की डोकं चालत नाही. स्विचची वायरच सोडवली, टोकाला टेप मारली. इंजिन लगेच सुरळीत, एकही ठोका चुकेना. फौजेत असं कोणी केलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं.

संग्रामला सांगितलं, स्विच बिघडलाय, चोक ओढून बंद कर. तो हसला, म्हणाला बाबा, मी काय पडतोय का. मीही हसलो. नको म्हणायला हवं होतं.

शेडमधली सगळी जमीन ओली. पावलं नाहीत, नुसती ओल, इंजिनाभोवती फिरलेली—

१८ ऑगस्ट, रविवार, सकाळी दहा

संग्राम बोट घेऊन तलावात गेला. मनगटाला दोरी बांधलीये. तिचा काही उपयोग नाही, हे मलाच ठाऊक.

सव्वादहा

बोट गेलेली बघून कजोडजींनी शेवटी सांगितलं. गेल्या वर्षी भंवर नावाचा चालक हीच बोट नेत होता. पडला. दोरी निघाली होती, पण इंजिन थांबलं नाही. कोणीतरी वायर सोडवून ठेवली होती, ती नंतर पुन्हा जोडली. रिकामी बोट गोल फिरून त्याच्यावरच आली. दोनदा.

म्हणजे भंवर इंजिन बिघडवत नव्हता. बंद करत होता. ही बोट कोणी नेऊ नये म्हणून—आणि मी—

संग्राम फोन उचलत नाही. हाका मारल्या. त्याला वाटलं मी कौतुक करतोय, हात हलवला त्याने.

कजोडजी दुसरी बोट सोडायला धावलेत. मी काठावरच. हात नुसता लिहितोय.

संग्राम वाकून मागे बघतोय. क्लिप निघाली. इथून लाल दोरी दिसते, हवेत ताणलेली. कोणीतरी इंजिन बंद करू बघतंय, जोर लावून, पुन्हा पुन्हा, आणि संग्रामचा हात त्या दोरीत—

बोटीत कोणी नाही.

इंजिन सुरेख चालू आहे. एकही ठोका चुकत नाही. बोट वळतेय, माझा संग्राम पाण्यात डोकं वर काढून तिच्याकडे