पाटीवरच्या मामांचा दात

तीर्थस्वरूप मामांना,

पाट्या रंगवणाऱ्या भाच्याचा, हातातला ब्रश बाजूला ठेवून, वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे, एक तुमचा चेहरा सोडून.

झालं असं, की समोरच्या दातांच्या डॉक्टरांना पाटीवर हसरा माणूस हवा होता. कुणीही चालेल, दात दिसले म्हणजे झालं, असं म्हणाले. मी आपला हात जाईल तसा रंगवत गेलो आणि पाटी वर चढल्यावर बघतो तर तुम्ही! तेही बरोब्बर बाबांच्या शिलाई मशीनसमोर. (बाबांनी तुमच्या कोटाची एक बाही आखूड शिवली, तुम्ही तोच कोट घालून लग्नभर शिंप्याचं नाव सांगत हिंडलात आणि बाबांनी तुमचं तोंड न बघण्याची शपथ घेतली, त्याला तीन वर्षं झाली.) म्हटलं, आता आपली धडगत नाही.

पण गंमत बघा. दूधवाल्याला पाटीत त्याचा साडू दिसतो, शेजारच्या काकूंना जुने मास्तर, आणि डॉक्टरांना वाटतं मी त्यांनाच काढलंय (ते पूर्ण टकले आहेत).  बाबा मात्र दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप तसाच ठेवून रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "हसताना डावी भुवई वर जाते त्याची." भुवई चढवली. मग कान चुकले. कान सुधारले. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याचे कान इतके पाठ कसे? आई म्हणते, रागावलेल्या माणसाला सगळं लक्षात राहतं. मला पटेना. बाबांचा राग घरमालकावरही आहे, पण त्याला मिशी आहे की नाही, हे त्यांना सांगता आलं नाही. (मी मुद्दाम विचारलं.)

काल म्हणाले, "पुढचा दात अर्धा हवा. शाळेत माझ्याच चेंडूने तुटलाय." दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर तुटका दात! मी साफ नाही म्हटलं. आज सकाळी बाबा स्वतः शिडीवर चढले आणि काळ्या रंगाने अर्धा दात उडवून खाली आले. डॉक्टर तेव्हापासून माझ्या नावाने ओरडताहेत.

तुमचा,
भाचा

ता. क. : डॉक्टर म्हणतात, मूळ माणूस आणा, खरा दातच बसवून देतो. बाबांनी बजावलंय, दाताला हात लावायचा नाही.

आणखी एक : येताना तो कोट आणा. त्याच कापडाचा तुकडा बाबांनी तीन वर्षं जपून ठेवलाय. हे तुम्हाला कळवायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. पाकिटावर पत्ता मात्र त्यांनीच घातलाय.