अडकित्त्याने तोडलेली गोळी

आई, आज ऑफिसात एक वाक्य वाचलं आणि तुझ्या हातातला अडकित्ता डोळ्यांपुढे आला. सुपारी तू खात नव्हतीस. तो अडकित्ता माझ्या गोळीसाठी होता. मला लहानपणी फीट यायची. शेवगावच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मोठ्या माणसांची होती, लहान मुलांची तिथे मिळत नव्हती, म्हणून रोज अर्धी द्यायची. तू मला चुलीपुढे बसवतेस, गोळी पात्यात धरतेस आणि म्हणतेस, "हालू नको गं, न्हाईतर उडंल." आणि ती उडतेच. एक तुकडा मोठा, दुसऱ्याचा चुरा. एकदा अर्धी गोळी अंगणात गेली आणि कोंबडीने टिपली, तेव्हा शेजारची काकू ओट्यावरून ओरडली, "चला, कोंबडीची फीट तरी गेली!" तू खळखळून हसलीस. मग राहिलेला चुरा बोटाने गोळा केलास आणि गुळाच्या पाण्यात कालवून मला पाजलास.

पुढे शाळेत मला मोठा झटका आला आणि तू कापूस वेचणं टाकून मला घेऊन दवाखान्यात धावलीस. डॉक्टर सगळ्या पेशंटसमोर म्हणाले, "गोळी चालू असताना झटका येतोच कसा? अर्धी म्हणजे अर्धी, कळतं का बाई? तुमच्याच चुकीने होतंय हे." तू म्हणालीस, "व्हय, चुकलं माझं." स्टँडवर मला पेरू घेऊन दिलास आणि एसटी येईपर्यंत स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून बघत बसलीस. "हातच वाकडा हाय माझा," म्हणालीस. मी नववीत असताना तू तापाने गेलीस. तोवर माझी फीट थांबली होती, पण त्या हाताबद्दल तुझं मत काही बदललं नव्हतं.

घरातली पहिली पदवी माझी, आणि ती औषधांचीच. आता नगरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत आहे. लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी तीच गोळी आणली, तोडली आणि लॅबच्या काट्यावर दोन्ही तुकडे तोलले. सारखे आलेच नाहीत. तोडायच्या यंत्रानेसुद्धा नाही. अर्धी करायच्या गोळीवर मधोमध खाचेसारखी रेघ असते, तिथून ती सरळ तुटते. हिच्यावर ती रेघच नाही, आई. ती तोडण्यासाठी बनवलेलीच नव्हती. तुझा हात सरळ होता. हे मला कळलं तेव्हा सांगायला तू नव्हतीस.

माझं काम तुला सांगते. औषध कसं तपासायचं, वेष्टनावर काय छापायचं, याचे नियम आता देशोदेशीची सरकारी औषध-खाती आणि कंपन्या एकत्र बसून ठरवतात. आधी कुणीतरी दोन-तीन पानांचा प्रस्ताव मांडतं, की अमुक अडचण आहे, नियम हवा. तो मान्य झाला की जाणकारांचा गट बसतो आणि कुणाचीच हरकत उरणार नाही असा मसुदा लिहितो. मग तो मसुदा सगळ्या जगापुढे ठेवतात. कुणीही मत पाठवावं. मतं वाचून मसुदा सुधारतात, पक्का करतात आणि मग एकेक देश तो आपल्या कायद्यात घेतो. तुमच्या बचत गटात ठराव वाचून अध्यक्षबाई विचारायच्या ना, "हरकत हाय का कुणाची? न्हाई? मंजूर!" तसंच. तू मागे बसायचीस आणि कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, मी बोलेन.

यंदा लहान मुलांच्या औषधांचा मसुदा मतांसाठी खुला झाला. माझ्या वरच्या मॅडम सोनईकडच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. दुपारी डब्यातली भाकरी मोडत त्या म्हणाल्या, "लिही तू. आपण गावच्या पोरी, आपण नाही लिहिलं तर एसीत बसणारे लिहिणार का?" मी आठवडाभर जीव ओतून लिहिलं. घरात अडकित्त्याने, सुरीने गोळ्या तोडतात. जी गोळी मुलांना अर्धी द्यावी लागते तिच्यावर रेघ असावी, आणि दोन्ही अर्ध्यांत औषध सारखं येतं हे कंपनीने तपासून दाखवावं. मॅडमनी वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास," म्हणाल्या. ते मत कंपन्यांच्या संघटनेकडे गेलं, तिथल्या समितीवर मॅडमही आहेत. सगळ्यांचं मिळून एक मत तिथून जातं.

आज ते एकत्रित मत आलं. अडकित्ता त्यात आहे, पण खाली लिहिलंय की घरी गोळ्या अशा कशाही तोडल्या जातात, तिथे रेघ असूनही उपयोग नाही, म्हणूनच रेघेची किंवा तपासणीची सक्ती नको. "तोडू नये" एवढी सूचना छापणं पुरे. त्यानंतर मात्रा चुकली तर ती देणाऱ्याची चूक. आई, हे त्या डॉक्टरांचंच वाक्य आहे. फक्त आता ते जगभरच्या आयांसाठी लिहिलंय, आणि पुरावा म्हणून मी दिलेली तू आहेस.

मी मॅडमना म्हटलं, "माझं म्हणणं उलटं केलंय कुणीतरी."

"कुणीतरी कशाला, मीच केलंय," त्या म्हणाल्या. "आपल्याच चार गोळ्यांना रेघ नाही गं. सगळे साचे बदलायचे का? एकमत म्हणजे असंच असतं. जरा शिक."

"मग मला लिहायला का लावलंत?"

"उदाहरण छान होतं तुझं." एवढं बोलून त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीची डबी माझ्याकडे सरकवली. त्यांची माया खोटी नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. परक्याने फसवलं असतं तर मी भांडले असते.

मसुदा अजून खुला आहे. एकट्या माणसालाही मत पाठवता येतं, फक्त खाली नाव लागतं, आणि सगळी मतं जाहीर होतात, म्हणजे ते नाव मॅडमना दिसणारच. घरी येऊन मी माझा जुना मजकूर उघडला आणि स्वतःचंच पहिलं वाक्य वाचलं: "ग्रामीण भागातील काही पालक गोळी अडकित्त्याने तोडतात." काही पालक. लोक हसतील, ही फीटवाली पोरगी म्हणतील, या धास्तीने मॅडमच्या आधी मीच तुला त्यातून पुसलं होतं. आता तिथे "माझी आई" असं केलंय. खाली नावाची जागा मात्र अजून रिकामी आहे. नोकरी जाईल याची मला भीती वाटते, आई.