मागची सीट

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामान अजून खोक्यांत आहे, पण घर झकास, आणि शाळेची बस थेट फाटकाशी थांबते. पिल्लू आज पहिल्याच दिवशी ऐटीत उतरली. आधी दप्तर आईच्या हातात, मग बाईसाहेब खाली. सात वर्षांची आहे, पण तोरा बघावा.

गॅरेजही आवडलं. जुन्यापुराण्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करायच्या. सीट आणि आतली अस्तरं माझ्याकडे. पत्रा ठोकणारे एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे ठोकेकाका म्हणतात. त्यांनी एकच नियम सांगितला, की गाडीतून जे निघेल ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं आणि गाडी देताना परत आत टाकायचं. मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाशी पहिल्याच दिवशी कोण हुज्जत घालणार.

७ फेब्रुवारी

पहिली गाडी काळी, माझ्या जन्माआधीपासून शेडमध्ये बंद पडलेली. ड्रायव्हरच्या दाराचं अस्तर उसवलं तर आत चाकांवरचं लाकडी बदक. चाकं अजून फिरतात. असली गोड वस्तू डब्यात ठेवणं जिवावर आलं. गुपचूप खिशात घालून घरी आणली. पिल्लू बदक कुशीत घेऊनच झोपली.

१२ फेब्रुवारी

आज दुसऱ्या बाजूचं दार. खिळे मूळचेच, गंजून पत्र्याशी एकजीव झालेले. आत लाल क्लिप निघाली. मोडलेली, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. ती गाठ माझी आहे. परवा रात्री मीच बांधली.

घरी विचारलं. बायको म्हणाली, पिल्लूकडे लाल क्लिप कधी नव्हतीच. बदक परत नेऊन ठेवावं म्हणून शोधलं. खोकी उपसली, पलंग सरकवला. कसलं बदक, म्हणाल्या दोघी.

१५ फेब्रुवारी

पुढच्या सीटच्या स्प्रिंगांत टूथब्रश. छोटा, चावून चावून वाकवलेला. घरी मगमध्ये दोनच ब्रश. बायको म्हणते, दोनच तर होते.

जेवायला तिने दोनच ताटं घेतली. तिसरं मी घेतलं. पिल्लूचा हात हातात धरला, तर काही धरलंय असं वाटेना. मला भीती वाटायला हवी. वाटतेय, पण लांबून. दात काढण्याआधी सुई देतात ना, तसं.

१६ फेब्रुवारी

ठोकेकाकांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, त्यांनीही एकदा गाडीतला भोवरा घरी नेला होता. कोणासाठी, ते त्यांना आठवेना. एकटेच राहतात. घरात एक छोटी खाट आहे, ती कोणाची तेही माहीत नाही, पण टाकवत नाही म्हणाले.

आता फक्त मागची सीट उघडायची राहिली आहे. मी तिला हात लावणार नाही. कोणाला लावू देणार नाही. पोर माझी आहे. लिहून ठेवतो — पिल्लू, सात वर्षं, हनुवटीवर तीळ, पोळीची कड काढून—

१९ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. तिच्याजवळ बसून आहे. ती आहे. अजून आहे.

मालकाचा निरोप — गिऱ्हाईक खोळंबलंय, तू येत नसशील तर सीट मीच काढ—

२० फेब्रुवारी

कामावर गेलो. मागची सीट मालकांनी काढून ठेवली होती. आत लहान मुलाचा बूट. बुटात लाकडी बदक. चाकं फिरतात.

डब्यात टाकलं. संध्याकाळी डब्यातलं सगळं गाडीत टाकलं आणि गाडी गेली.

दमलोय. बाकी काही नाही.

२४ फेब्रुवारी

वहीत मागे पिल्लू म्हणून कोणी आहे. अक्षर माझंच. बायकोला दाखवलं. तिने वाचलं, वही मिटली आणि चहा टाकला.

ती रोज दुपारी फाटकाशी जाऊन उभी राहते. का, तर म्हणे सवय. आज मीही गेलो. एक बस आली. थांबली. कोणी उतरलं नाही. ड्रायव्हर आमच्याकडे बघत राहिला. का थांबला, त्यालाही सांगता येईना.

मग बायकोने हात पुढे केला — वरून कोणी काही देणार असल्यासारखा — आणि तो हात ओझ्याने खाली गेला.